विचारा की! : या वेळी सगळं पान लॉटी डॉडचं

गेल्या अंकात याच पानावर खाली कोपऱ्यात एक चौकट दिली होती. लॉटी डॉड नावाची इंग्लंडची पोरगी, १८८७ साली विम्बल्डनची एकेरी जिंकली तेव्हा वय १५ वर्षं आणि २८५ दिवस, बायकांच्या एकेरीत एवढ्या लहान वयात आजवर कुणी जिंकलेलं नाही. आणि शेवटी एक ओळ टाकली होती की टेनिस सोडल्यावर तिनं हॉकी, गोल्फ आणि तिरंदाजी पण गाजवली. त्या एका ओळीवरच पत्रांचा ढीग आला. बाकीचे प्रश्न पुढच्या अंकाला ठेवलेत, रागावू नका, या वेळी लॉटीवरच बोलू.

प्रश्न : मी ३० वर्षं शाळेत पीटी शिकवली. पाच वेळा विम्बल्डन जिंकली असं तुम्ही लिहिलंय, पण त्या काळात जुन्या चॅम्पियनला एकच मॅच खेळावी लागायची असं वाचल्याचं आठवतंय. मग त्यात एवढं कौतुक ते काय? आमच्या पोरी तालुक्याच्या स्पर्धेतसुद्धा चार राउंड खेळतात.
— निवृत्त क्रीडाशिक्षक, कसबा बावडा

सर, तुम्हाला आठवतंय ते अगदी बरोबर आहे, आणि हे मी गेल्या वेळीच लिहायला हवं होतं. गेल्या वर्षीची चॅम्पियन नुसती थांबून राहायची, बाकीच्या सगळ्याजणी आपसात खेळून एकीला वर काढायच्या आणि मग ती एकटी चॅम्पियनसमोर उभी राहायची. याला चॅलेंज राउंड म्हणायचे, १९२२ मध्ये तो बंद झाला. म्हणजे १८८८, १८९२ आणि १८९३ या तीन वर्षी लॉटीनं खरोखर एकेक मॅच खेळून कप राखला. आणि गर्दी पण नसायचीच. बायकांची एकेरी १८८४ ला सुरू झाली तेव्हा १३ जणी उतरल्या होत्या, १८९० ला तर फक्त चौघी.

पण सर, नुसत्या विम्बल्डनवरनं तिला मोजलं तर तिच्यावर अन्याय होतो. जरा मागं जाऊ. १८८५ मध्ये मँचेस्टरच्या स्पर्धेत ती मॉड वॉटसनसमोर आली. मॉड म्हणजे विम्बल्डनची पहिलीवहिली महिला चॅम्पियन, १८८४ आणि १८८५ दोन्ही वर्षं तिचीच. आणि लॉटी तेव्हा १३ वर्षांची. हरली, पण किती तर ८-६, ७-५. पुढच्या वर्षी बाथला परत गाठ पडली आणि या वेळी लॉटीनं ७-५, ६-४ असं घेतलं. त्याआधी मॉड ओळीनं ५५ एकेरी सामने हरली नव्हती बघा. ५५! तिची ती माळ तोडणारी पोरगी १४ वर्षांची होती. लॉटी अख्ख्या कारकिर्दीत एकेरीचे पाचच सामने हरली असं सांगतात.

अजून एक सांगतो, हे मला सगळ्यात आवडतं. १८८८ मध्ये एक्समथला तिची मॅच लावली अर्नेस्ट रेनशॉबरोबर. हा त्याच वर्षीचा विम्बल्डनचा पुरुष चॅम्पियन. फरक राहू नये म्हणून तिला प्रत्येक गेमला ३० ची सवलत होती, म्हणजे गेम सुरूच व्हायचा ३०-० वर. पहिला सेट तिनं ६-२ नं घेतला. मग तो ७-५, ७-५ असं करून कसाबसा सुटला. सवलत होती हे खरं, पण गडी चॅम्पियन होता आणि दोन्ही सेट सातापर्यंत गेले, आता तुम्हीच सांगा.

ती वेगळी का होती तर त्या वेळच्या बायका मागच्या रेषेवर उभ्या राहून बॉल परत करत बसायच्या. लॉटी नेटवर यायची, व्हॉली मारायची म्हणजे बॉल टप्पा पडायच्या आधीच परत मारायची, स्मॅश मारायची. घरच्या अंगणात दोन टेनिस कोर्ट होती, थोरली बहीण आणि दोन भाऊ सगळे खेळणारे, त्यांच्यात ही शेंडेफळ. मोठ्या भावांबरोबर खेळून खेळून तिला जोराच्या बॉलची भीतीच राहिली नसणार. सर्व्हिस मात्र तिची खालनंच असायची, अंडरआर्म.

प्रश्न : माझी मुलगी ११ वर्षांची आहे. सकाळी टेनिसला जाते आणि संध्याकाळी गल्लीतल्या पोरांच्यात फुटबॉल. आमच्या भागात फुटबॉलशिवाय पोरं राहतच नाहीत, तुम्हाला माहितीच आहे. टेनिसचे सर म्हणतात फुटबॉल बंद करा, गुडघा गेला तर सगळं गेलं, आणि आत्ताच एक गेम धरला नाही तर पुढं हातात काही राहत नाही. हिचे बाबा पण तेच म्हणायला लागलेत. ती रडते. तुमची लॉटी चार-चार खेळ खेळली ते खरं का? आणि तिला जमलं कसं?
— एक आई, मंगळवार पेठ

वहिनी, खरं आहे. पण चारही खेळ एकदम नाही, एकामागनं एक, आणि मेख तिथंच आहे.

सविस्तरच सांगतो. १८८७ आणि १८८८ लागोपाठ जिंकल्यावर सगळे धरून चालले होते की १८८९ पण हिचंच. आणि ही गेलीच नाही! बहिणीबरोबर आणि मित्रमंडळींबरोबर स्कॉटलंडच्या किनाऱ्याला बोटीतनं फिरत होती आणि विम्बल्डनसाठी परत यावं असं तिला वाटलं नाही. १८९० ला पण नाही. मग १८९१ ला आली आणि ओळीनं तीन वर्षं जिंकली. १८९३ ची फायनल जरा अवघड गेली, पहिला सेट ६-८ असा गेला, पण पुढचे दोन ६-१, ६-४. आणि तिथंच तिनं मोठ्या स्पर्धांचं एकेरी टेनिस थांबवलं, अजून २२ पूर्ण व्हायची होती. दुखापत नाही, पराभव नाही, कुणाशी भांडण नाही. पोटभर खेळून झालं, एवढंच.

मग ती स्वित्झर्लंडला सेंट मॉरिट्झला गेली, तिथं बर्फावरचं स्केटिंग शिकली आणि त्याची अवघड परीक्षा पास झाली. १८९७ मध्ये आपल्या गावाजवळ स्पायटल इथं बायकांचा हॉकी क्लब उभा करण्यात पुढं होती, दोनच वर्षांत इंग्लंडच्या टीममध्ये. १९०० ला आयर्लंडला २-१ नं हरवलं त्यातले दोन्ही गोल हिचे. मग गोल्फ. १९०४ मध्ये ट्रूनला ब्रिटिश महिला अमॅच्युअर, म्हणजे पैशासाठी न खेळणाऱ्यांच्या स्पर्धेत फायनलला समोर मे हेझलेट होती, त्या वेळची नावाजलेली खेळाडू, आणि सामना शेवटच्या होलपर्यंत गेला तिथं लॉटीनं जिंकला. तेव्हा ती ३२ वर्षांची. विम्बल्डन आणि ही गोल्फची स्पर्धा दोन्ही जिंकणारी दुसरी बाई अजून झालेली नाही.

आणि शेवटी तिरंदाजी. १९०८ चं लंडन ऑलिम्पिक. पहिल्या दिवसअखेर लॉटी पुढं होती. दुसऱ्या दिवशी क्वीनी न्यूअल नावाच्या बाईनं मागं टाकलं, ६८८ ला ६४२, लॉटीला सिल्व्हर. ही क्वीनी तेव्हा ५३ वर्षांची होती वहिनी, हे मुद्दाम सांगतोय, कारण ११ व्या वर्षी उशीर होतो म्हणणाऱ्यांना हे सांगायला बरं पडतं. त्याच ऑलिम्पिकमध्ये लॉटीचा भाऊ विल्यम यानं पुरुषांच्या तिरंदाजीत गोल्ड घेतलं. एकाच घरात बहीण-भाऊ दोघांची ऑलिम्पिक मेडलं.

आता तिला हे जमलं कसं ते पण सांगायलाच पाहिजे, नाहीतर तुमची फसवणूक होईल. तिचे वडील लिव्हरपूलच्या कापसाच्या व्यापारातले. ती ८ वर्षांची असताना वारले, पण मागं एवढं ठेवून गेले की चार मुलांपैकी कुणालाच पोटासाठी काम करावं लागलं नाही. शिकवायला मास्तर घरी यायचे, कोर्ट घरी. खेळातनं एक पैसा मिळवायची तिला गरज नव्हती आणि अमॅच्युअर असल्यानं मिळतही नव्हता. आपल्याकडचं गणित वेगळं. खाशाबा जाधवांना १९५२ ला हेलसिंकीला पाठवायला राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी राहतं घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले, हे कोल्हापुरात शेंबड्या पोराला पण ठाऊक आहे. तेव्हा एकच खेळ धरा म्हणणाऱ्या सरांच्या डोक्यात तुमचा खर्च, तुमचा वेळ, रँकिंगच्या स्पर्धांसाठीचा प्रवास हे सगळं असणार, त्यांना वाईट नका समजू. गुडघ्याचं पण ते म्हणतात ते खोटं नाही.

तरीपण मला विचाराल तर ११ व्या वर्षी फुटबॉल बंद करू नका. माझ्या भाचीचं मी डोळ्यांनी बघितलंय. बॅडमिंटन आणि खो-खो दोन्ही खेळायची, १२ व्या वर्षी घरच्यांनी आणि कोचनी मिळून खो-खो सोडायला लावला. सकाळ-संध्याकाळ बॅडमिंटन, सुट्टीत कॅम्प, परत बॅडमिंटन. तीन वर्षांत पोरगी एवढी कंटाळली की आता रॅकेट कपाटावर पडून आहे, परवा मी काढून बघितली तर कव्हरची चेन गंजून घट्ट बसलेली, उघडेचना. आणि खो-खोचं मैदान दिसलं की ती अजून रस्त्यात थांबते. ते बघून पोटात तुटतं.

फुटबॉलमुळं टेनिसचं नुकसानच होतं असं पण नाही. दिशा बदलून पळणं, अंगावर येणारा बॉल पायानं ओळखणं, दमलेलं असताना परत पळणं हे तिला गल्लीत फुकट मिळतंय. सरांशी शांतपणे बोला. आठवड्यातला एक दिवस दोन्ही बंद, पूर्ण विश्रांती. टेनिसची मॅच असेल त्याच्या आदल्या दिवशी फुटबॉल नाही. अनवाणी किंवा चपलेवर फुटबॉल नाही, बूट घालूनच. गुडघा दुखतोय म्हणाली तर खेळ थांबवून आधी डॉक्टर. १४-१५ ला ती स्वतःच एक काहीतरी धरेल, तेव्हा तिनं काय धरलं ते मला जरूर कळवा. आणि हिच्या बाबांना हे पान वाचायला द्या.

प्रश्न : लॉटी शाळेच्या युनिफॉर्मवर विम्बल्डन खेळली असं मी वाचलं. खरं आहे का? आणि बाकीच्या बायका त्या पायघोळ झग्यात पळायच्या तरी कशा?
— कॉलेज विद्यार्थिनी, राजारामपुरी

युनिफॉर्मची गोष्ट बऱ्याच ठिकाणी लिहिलेली सापडते, पण वर म्हटलं तसं तिचं शिक्षण घरीच झालं, मग युनिफॉर्म कुठला? वय लहान म्हणून तिला पिंढरीपर्यंतचा झगा चालायचा, डोक्यावर पांढरी टोपी, पायात काळे बूट. बाकीच्यांना मात्र पायघोळ झगा, आत परकर, आणि कंबर आवळायला कॉर्सेट, त्यात देवमाशाच्या तोंडातल्या कडक पट्ट्या शिवलेल्या असायच्या. कल्पना कर, पोटावरनं छातीपर्यंत पट्ट्या आवळलेल्या आणि स्मॅशसाठी हात डोक्यावर न्यायचाय. वाकायचं तर पट्टी बरगडीत रुतणार. ह्या बायका मागच्या रेषेवर का थांबायच्या त्याचं निम्मं उत्तर त्या कपड्यात आहे.

लॉटीला हे दिसत होतं. १८९० साली, १८-१९ वर्षांची असताना, तिनं बायकांच्या टेनिसवर एक लेख लिहिला त्यात स्पष्ट म्हटलंय की कपडा जर हातपायच मोकळे हलू देत नसेल तर बाईनं चांगला खेळ करावा तरी कसा, कितीजणींना तर श्वास घेणं पण जड जातं. आणि मोठी झाल्यावर तिला स्वतःला पण लांब झगा आलाच. शेवटची तीन विम्बल्डन तिनं बाईमाणसाच्या पूर्ण कपड्यात जिंकली, म्हणजे नुसत्या आखूड झग्यामुळं जिंकली म्हणणाऱ्यांना तिथंच उत्तर मिळतं.

माझी आज्जी नऊवारीचा कासोटा घट्ट मारून विहिरीत सूर मारायची, चिंचेवर चढायची. पुढं कुणाच्या तरी लग्नात हौसेनं पाचवारी नेसली तर जिना चढताना दोनदा अडखळली, म्हणाली पाय बांधल्यागत वाटतंय. लॉटीचा तो लेख वाचला की मला आज्जीच आठवते.

प्रश्न : चौकटीत तुम्ही लिहिलं होतं की पाचही फायनलला लॉटीनं एकाच बाईला हरवलं. त्या बिचारीचं पुढं काय झालं?
— शिवाजी पेठ

बिचारी म्हणू नका हो तिला! ब्लांश बिंगली, लग्नानंतर हिलयार्ड. १८८६ ची चॅम्पियन, पुढच्या वर्षी १५ वर्षांच्या पोरीकडनं ६-२, ६-० असा मार खाल्ला. आपण असतो तर घरी बसलो असतो. ही १८८८ ला परत आली, हरली. लॉटी नव्हती तेव्हा १८८९ ला जिंकली. लॉटी परत आल्यावर १८९१, १८९२, १८९३ सलग तीन वर्षं हरली, त्यातल्या १८९२ ला ६-१, ६-१. पण शेवटच्या वर्षी बघा, पहिला सेट तिनं ८-६ नं काढला. पाच वेळा तीच पोरगी समोर, आणि पाचव्या वेळी ही तिच्या जास्तीत जास्त जवळ पोचली.

मग लॉटी गेली आणि ब्लांश १८९४ ला जिंकली, १८९७ ला जिंकली, १८९९ आणि १९०० ला पण. शेवटची जिंकली तेव्हा ३६ वर्षांची होती आणि दोन मुलांची आई. एकूण सहा विम्बल्डन, म्हणजे लॉटीपेक्षा एक जास्त! आणि १३ वेळा फायनलला, हा विम्बल्डनच्या बायकांच्या एकेरीतला विक्रम अजून तिच्या नावावर आहे. मला स्वतःला लॉटीइतकीच ही बाई मोठी वाटते, कधी कधी जास्तच. हिच्यावर एक वेगळी चौकट देईन म्हणतो.

प्रश्न : आपल्या महाराष्ट्रातली कुणी होती का हो त्या जुन्या काळात?
— गडहिंग्लज

लॉटीच्या काळात नाही, पण नंतर आहे. लीला राव, मुंबईच्या. १९३४ मध्ये विम्बल्डनला पहिल्या फेरीचा सामना जिंकला, तिथं सामना जिंकणारी पहिली भारतीय बाई. दुसऱ्या फेरीत हरल्या. आई म्हणजे पंडिता क्षमा राव, संस्कृतमधल्या नामवंत कवयित्री, आणि आई स्वतः पण टेनिस खेळायच्या. संस्कृत श्लोक आणि टेनिसची रॅकेट एकाच घरात, काय घर असेल ते!

प्रश्न : लॉटी शेवटपर्यंत एकटीच राहिली का? कधी वारली?
— इचलकरंजी

लग्न केलं नाही. पहिल्या महायुद्धात रेड क्रॉसमध्ये जखमी सैनिकांची शुश्रूषा केली. २७ जून १९६० ला वारली, वय ८८. विम्बल्डन सुरू होतं आणि अंथरुणावर पडून रेडिओवर तेच ऐकत होती.

प्रश्न : आमच्या आजोबांच्या माळ्यावर लाकडी टेनिस रॅकेट सापडली. मुठीला चामडं गुंडाळलंय, तारा सैल आहेत आणि गोल भाग एका बाजूला वाकलाय. लॉटीच्या काळातली असेल का? सरळ करता येईल का?
— शाहूपुरी

मुठीला चामडं असेल तर लॉटीच्या काळातली नाही, कितीतरी नंतरची आहे. तेव्हाची मूठ उघड्या लाकडाची असायची, पकड यावी म्हणून त्यात बारीक खाचा पाडलेल्या. पण म्हणून टाकू नका.

माझे आजोबा एका क्लबात मार्कर होते, मेंबरांबरोबर खेळायचं, बॉल द्यायचे, रॅकेटी सांभाळायच्या. आपल्याकडचा पावसाळा म्हणजे लाकडी रॅकेटीचा शत्रू. खेळ संपला की प्रत्येक रॅकेट लाकडी चौकटीत बसवून चारी कोपऱ्यांचे पंखाचे नट आवळायचे, त्याला प्रेस म्हणायचे. आवळताना एक कोपरा एकदम घट्ट करायचा नाही, समोरासमोरचे दोन-दोन, थोडे थोडे फिरवायचे. ते करताना आजोबा बोलायचे नाहीत, नटाची कुरकुर ऐकत बसायचे.

तुम्ही आधी तारा काढा, पण एका कडेनं कापत जाऊ नका, ताण एकीकडं राहिला तर लाकूड अजून पिळवटतं. मधल्या तारांपासनं सुरू करून उभी एक, आडवी एक अशा बाहेर कापत जा. मग प्रेसमध्ये घाला, प्रेस नसेल तर दोन सपाट फळ्या आणि सुताराकडचे चार शिकंजे चालतील, रोज अगदी एखादा आटा आवळा. उन्हात ठेवायची नाही, पाणी लावायचं नाही, वारं लागेल अशा सावलीत दोन-तीन महिने राहू दे. पॉलिश गेलं असेल तिथं फडक्यावर जवसाचं तेल थोडंसं घेऊन पुसा. पूर्ण सरळ होईलच असं नाही, आणि झाली तरी तिला परत ताणून तारा लावू नका, एवढ्या वर्षांचं लाकूड गळ्यापाशी तडकतं. आणि मुठीच्या चामड्याखाली एकदा हळूच बघा, माझे आजोबा तिथं मेंबराचं नाव पेन्सिलीनं लिहून ठेवायचे.